फ्रेंच शिकवायचं तर काय शिकावं

फ्रेंच शिकायला मी कधी गेलेच नव्हते. गेले होते ती हेतलला सोबत म्हणून. हेतल माझ्या बाकावरची मैत्रीण. तिच्या वडिलांचा हिऱ्यांचा धंदा होता आणि बारावीत जायच्या आधीच तिची सगाई झाली होती. मुलगा बेल्जियममध्ये, अँटवर्पला, काकांच्या पेढीवर बसणारा. तिकडून निरोप आला की मुलीला थोडं फ्रेंच येत असलं तर बरं. सुरतेत फ्रेंच शिकवणारं माणूस शोधता शोधता तिच्या वडिलांना तापीपलीकडे रांदेरला राहणाऱ्या एका बाईंचा पत्ता लागला. पण हेतलच्या आजीनं, तिच्या बांनी, अट घातली, "एकली नहीं जाय." मग बरोबर कोण जाणार? भावाला पेढी होती, आईला घर होतं, मला शाळा सुटल्यावर काहीच नव्हतं. अशा रीतीनं आठवड्यातल्या दोन दुपारी मी तिच्याबरोबर रिक्षात बसून पूल ओलांडू लागले. (लग्नानंतर हेतल पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं सांगितलं की अँटवर्पला लोक भलतीच भाषा बोलतात, पाववाल्याशी फ्रेंच बोललं तर तो तोंड वाकडं करतो. "मारे तो काम नहीं लाग्युं," ती म्हणाली, "तारे लाग्युं." आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.)

आमचं घर भेस्तानला. रेल्वेच्या दोन खोल्या, पुढे तुळस नाही पण मिरचीची झाडं, आणि समोर रूळ. आबा, म्हणजे माझे वडील, उधन्याच्या यार्डात मालडबे दुरुस्त करायचे. डब्याच्या चाकाचा आवाज ऐकून ते जेवता जेवता सांगत, "हाऊ डबा आठ दिवसमा यार्डमा येई," आणि घास तोंडात घालत. रुळांपलीकडे लूमचे कारखाने होते. त्यांची खटखट दिवसभर इतकी चालायची की वीज गेली आणि ती थांबली तर आम्हाला दचकायला व्हायचं, कोणी तरी ओरडून बोलत असेल तर तो एकदम उघडा पडायचा. माय दारात बसून पर्वत पाटियाच्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावायची. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, रविवारी विहारात पुस्तकी मराठी, दुकानात गुजराती, आणि लूमवरच्या लोकांशी हिंदी. यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. पावसात छत्री आणि उन्हात टोपी घ्यावी, तशा भाषा घ्यायच्या.

पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा मायनं माझ्या हातात साडी, फॉल आणि सुईदोरा दिला. "रिकामी बठू नको. ती शिकई, तू टाका घाल." त्यामुळे रांदेरच्या त्या घरात मी प्रथम गेले ती विद्यार्थिनी म्हणून नव्हे, फॉल लावणारी मुलगी म्हणून.

तिथल्या बाई, मरियमबेन, सुरती वोरा, म्हणजे व्यापारी मुसलमान होत्या. त्यांच्या आजोबांनी कधी काळी मादागास्करला दुकान टाकलेलं. त्या तिथेच जन्मल्या, तिथल्या फ्रेंच शाळेत शिकल्या, आणि नवरा वारल्यावर रांदेरच्या वडिलोपार्जित घरात परत आल्या. उंच, हडकुळी बाई. गुजराती बोलायच्या ती अगदी ठेठ सुरती, शिवीसकट, आणि फ्रेंच बोलायला लागल्या की आवाजच दुसरा व्हायचा, जरा खालचा, जरा वयानं लहान. त्यांच्या घरात चहाला एक वेगळाच वास असे. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं तेव्हा त्यांनी साखरेची बरणी उघडून दाखवली. साखरेत काळी, वाळकी, शेंगेसारखी काडी खुपसलेली. व्हॅनिला. मी तोवर व्हॅनिला म्हणजे आइस्क्रीमचा पांढरा रंग समजत होते.

त्या कधी काही समजावून सांगत नसत. करून दाखवत. दार उघडायच्या आणि म्हणायच्या, दार लावायच्या आणि म्हणायच्या. नानखटाई तोडून अर्धी हेतलला देत, अर्धी स्वतः खात, आणि दोन्हींचं वाक्य करत. हेतल वहीत गुजराती लिपीत उतरवून घेई. तिचं लक्ष लग्नाच्या चणियाचोळीकडे होतं आणि ते तिच्या वयाला शोभणारंच होतं. मी खिडकीखाली सतरंजीवर बसून टाके घालत ऐके. एका दुपारी मरियमबेननी तिला विचारलं, काल तू काय खाल्लंस? हेतल अडली. शब्द होता, वाक्य येईना. आणि साडीवरून मान वर न करता मी उत्तर दिलं, चुकतमाकत, पण पूर्ण. मरियमबेन उठल्या, माझ्या मांडीवरची साडी घेतली, नीट घडी केली आणि खुर्ची ओढली. "ऊपर बेस," म्हणाल्या.

त्या दिवशी फॉल अर्धाच राहिला. मायनं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. आबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "कोनी भाषा शे ती?"

"फ्रान्सनी."

"आनि ती बाई फ्रान्सनी शे?"

"नही. मादागास्करनी."

"ते कोठे शे?"

मला सांगता येईना. जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी माझ्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढला. आफ्रिकेच्या कडेला सुटलेला तो तुकडा आबांनी बोटानं दाबून धरला, तिथून सुरतेपर्यंत बोट पाण्यावरून ओढत आणलं, आणि म्हणाले, "आनि आठून लोके तठे जाईसन दुकान टाकतस?" पुढे कितीतरी दिवस, मी रांदेरहून आले की ते एक तरी नवीन गोष्ट विचारायचे. तिथे भात खातात का? रेल्वे आहे का? मरियमबेनना मी ते प्रश्न विचारायचे आणि उत्तरं भेस्तानला घेऊन यायचे. आज मला वाटतं, आमच्या घरात कुतूहल आबांकडून आलं आणि हट्ट मायकडून, आणि माझ्यात दोन्ही सारखेच उतरले.

हेतलचं लग्न झालं, सोबतीचं कारण संपलं, पण मरियमबेननी मला येत राहायला सांगितलं. बारावीच्या निकालाच्या सुमारास मी त्यांना म्हटलं की मला तुमच्यासारखं फ्रेंच शिकवायचंय. त्या चहा गाळत होत्या. "मारा जेवुं नहीं," त्या म्हणाल्या, माझ्यासारखं नको. मग सांगितलं. रांदेरला आल्यावर त्या एका मोठ्या शाळेत नोकरी मागायला गेल्या होत्या. तिथल्या बाई त्यांचं फ्रेंच ऐकून खूश झाल्या, चहा मागवला. मग डिग्री विचारली. मरियमबेनकडे शाळेचा दाखला होता, तोही फ्रेंचमधला, तो वाचायला तिथे कुणाला येत नव्हता. चहा प्यायला आणि त्या घरी आल्या. हे सगळं त्यांनी कुणाचा राग न धरता सांगितलं, बस चुकल्याचं सांगावं तसं. "भाषा तो मारी छे," त्या म्हणाल्या, "पण कागळ जोईए. तू पहेलां कागळ कर." कुठला कागद, कुठली डिग्री, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि गंमत अशी की ते सुरतेत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एका कॉलेजच्या खिडकीवर जाऊन विचारलं, बी.ए.ला फ्रेंच आहे का? खिडकीतल्या माणसानं हनुवटीवर बोट फिरवून दाखवलं, "फ्रेंच तो दाढी होय, बेन!" आणि मागच्या रांगेतले सगळे हसले. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की इंग्रजी घे, अक्षरं तीच असतात. तिसरीकडे म्हणाले, आधी बी.कॉम. कर, मग काय वाटेल ते कर. विहारात येणारे बँकेतले एक काका होते, ते म्हणाले, असल्या भाषा दिल्लीला शिकवतात, मुलीच्या जातीला दिल्ली कशाला. बी.एड. कॉलेजात गेले तर तिथे उलटाच प्रश्न, "पहिली डिग्री कुठली?" मी म्हटलं, तेच तर विचारायला आलेय. मला या हिंडण्याचा कंटाळा येत नव्हता. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे साडीच्या एका पोताची दहा नावं लोक तोंडपाठ सांगतात, तिथे एका साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नाही याचंच मला नवल वाटत होतं. (आता माझ्याकडे पालक येतात, मोबाइलवर सगळं शोधून येतात, आणि तरी शेवटी तोच प्रश्न विचारतात. मी त्यांना हसत नाही.)

तेवढ्यात पी.टी.सी.ला माझा नंबर लागला. कडोदऱ्याच्या पुढे कॉलेज होतं, बसनं जाता येत होतं. त्या काळी पी.टी.सी. म्हणजे काय ते आज सांगूनही पटायचं नाही. दोन वर्षं शिकायचं आणि सरकारी प्राथमिक शाळेत बाई व्हायचं. आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांतून अभिनंदनाला लोक आले. मायनं डाळीचे वाफवलेले फुनके केले, वर कढी. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून महापालिकेची मराठी शाळा होती. मायनं मनानं मला तिथे नेमूनही टाकलं होतं. दुपारी शाळा सुटली की आमची वंदना घरी जेवायला येईल, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

आबांनी फक्त एक विचारलं, "आनि ते फ्रेंचनं काय व्हयनं?" मी म्हटलं, मरियमबेनना आठवलंय, वडोदऱ्याच्या विद्यापीठात फ्रेंचचा विभाग आहे म्हणे, त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिथे गेली होती. आबा म्हणाले, "रेल्वेना पास पडेल शे. जाई येऊ. इचाराले काय जास?" मायला आम्ही सांगितलं की चौकशी करून येतो. तेव्हा ते खरंच होतं.

वडोदऱ्याला मोठ्या घुमटाच्या इमारतीत, एका लांब व्हरांड्याच्या टोकाला, तो विभाग होता. विभागाच्या प्रमुख पाटणकर मॅडम. पांढरी सुती साडी, केसांचा छोटा अंबाडा, टेबलावर पुस्तकांच्या मधे पोह्यांचा डबा. आबा दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकले, मांडीवर कागदांची पिशवी. ते कुठेही जाताना घरातले सगळे दाखले बरोबर घेत, का ते त्यांनाच ठाऊक. मॅडमनी आम्हाला मराठीतच बसायला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून फ्रेंच सुरू केलं. मी उत्तरं दिली. घाम फुटला होता, पण दिली.

"कुणाकडे शिकलीस?"

मी सगळं सांगितलं, हेतल, फॉल, रांदेर.

"तुझा 'र' जिभेच्या टोकावरचा आहे. पॅरिसवाले हसतील. पण राहू दे, तुझ्या बाईंचा आहे तो." त्यांनी चष्मा काढला. "बरं. बोलता येतंय तुला. पण तू म्हणतेस, शिकवायचंय. कधी शिकवलंयस?"

"हेतलला सांगायचे अधूनमधून."

"ते मैत्रिणीला सांगणं झालं. मला शिकव."

"तुम्हाला फ्रेंच?"

"फ्रेंच मला येतं गं. मला येत नाही अशी भाषा शिकव. मग तू काय करतेस ते मी बघते."

मी विचारात पडले. गुजरातीत त्या नुकत्याच शिपायाशी बोलल्या होत्या. हिंदी कुणाला येत नाही? दाराकडून आबांचा आवाज आला, "आपली अहिराणी शिकाड ना तेस्ले."

मला कानकोंडं झालं. अहिराणी ही शिकवायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. शाळेत माझं 'शे' खोडून 'आहे' करण्यातच बाईंचा वेळ गेला होता. पण मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या, हातात पेन्सिल. मी सुरुवात केली. आंडोर म्हणजे मुलगा. आंडेर म्हणजे मुलगी. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. त्यांनी थोडा वेळ लिहून घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ही यादी झाली. यादी मी घरी पाठ करीन. मला या खोलीत बोलता आलं पाहिजे. एक वाक्य का होईना."

माझे कान तापले. मग मला सुचलं, मरियमबेन काय करतील? मी उठले. "आबा, भाइर जा. आनि मंग आत या."

आबा पिशवी घेऊनच बाहेर गेले आणि लगेच आत आले. मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तो येस." मग मी बाहेर गेले, आत आले. "मी येस." मग मॅडमना म्हटलं, आता तुम्ही. त्या खरोखर उठल्या. व्हरांड्यात दोन-तीन मुलं उभी होती, ती बघायला लागली. मॅडम बाहेर जाऊन ऐटीत आत आल्या, आणि मी अडले. त्यांना 'तू' कसं म्हणायचं?

"म्हण 'तू'," त्या म्हणाल्या. "आत्ता मी विद्यार्थिनी आहे."

"तू येस."

"मी येस," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. मग थांबल्या. "थांब जरा. मी येस, तू येस, तो येस? तिघांना एकच?"

"हो."

"आणि ती?"

"ती बी येस."

"तू मुलगी, तरी 'मी येस'. आणि हे म्हणाले तर?"

"मी बी येस," आबा दारातून म्हणाले.

"म्हणजे मराठीसारखं 'मी येतो', 'मी येते' असं नाही. बोलणारा बाई आहे की पुरुष, ते सांगावंच लागत नाही."

मी त्या भाषेतच जन्मले होते आणि हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. मी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मी येस, तू येस, तो येस. आणि काही कळायच्या आत तोंडातून दुसरंच बाहेर पडलं, "ज व्हियँ, त्यु व्हियँ, इल व्हियँ." फ्रेंचमधलं तेच वाक्य, तेच येणं. लिहिताना शेवटचं अक्षर बदलतं, पण कानाला तिन्ही एकच. तिथेही बाई की पुरुष ते क्रियापद विचारत नाही.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "हो की गं," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी असंच आहे."

"पण असं का?" मी विचारलं. "एका भाषेला सांगावं लागतं आणि दुसरीला नाही, असं का होतं?"

"तुझ्या भाषेचं मला माहीत नाही. फ्रेंचचं थोडं सांगता येईल, त्यासाठी लॅटिनपर्यंत मागे जावं लागतं."

"ते बी.ए.ला शिकवतात?"

"थोडंसं बी.ए.ला, बरंचसं एम.ए.ला. आणि उरलेलं कुणीच शिकवत नाही, आपणच शोधायचं."

मग त्यांनी आबांना आत टेबलाशी बोलावलं आणि डिग्रीचं सगळं नीट सांगितलं. मी इतके दिवस सुरतभर विचारत होते ते दोन मिनिटांत आमच्या पुढ्यात होतं. मुख्य विषय फ्रेंच घेऊन तीन वर्षं बी.ए. करायचं; कॉलेजात शिकवायचं तर पुढे एम.ए., शाळेत शिकवायचं तर बी.एड., पण आपल्याकडे बी.एड.मध्ये फ्रेंच कसं शिकवायचं ती अध्यापन-पद्धत शिकवत नाहीत, ती इंग्रजीची घ्यावी लागेल आणि फ्रेंचसाठी आपली आपण बसवावी लागेल. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि नोकरी?"

"खोटं कशाला सांगू?" मॅडम म्हणाल्या. "सुरतेत आज फ्रेंच असलेली शाळा मला माहीत नाही. पुढे होतीलही. किंवा हिला दुसऱ्या गावी जावं लागेल. पी.टी.सी.सारखी खात्री मी देऊ शकत नाही. आणि अर्ज आज संध्याकाळी बंद होतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल."

मूळ दाखला एकच असतो. तो इथे दिला की पी.टी.सी.ला द्यायला काही उरत नव्हतं.

फाटकाबाहेर एका हातगाडीवर आम्ही सेव-उसळ खाल्ली. उसळ इतकी झणझणीत होती की आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांना ते आवडलं. मी पाव नुसताच कुस्करत होते. शेवटी म्हटलं, आबा, तुम्हीच सांगा काय करायचं. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. ते सहसा लांबलचक बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत.

"माले कोनी इचारं नव्हतं, यार्डमा काम करशी का म्हनीसन. मी तुले इचारी ऱ्हायनू. बोल."

"पी.टी.सी. परत भेटाव नही, आबा."

"ते माले ठाऊक शे. ते नको सांगू. तुले काय पाहिजे ते सांग."

समोरून सायकलींवरून मुलं-मुली फाटकातून आत जात होती. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या आत काहीतरी फार आनंदाचं होतं, ज्याला हात लावायचीही भीती. मी म्हटलं, "माले आठेच येनं शे."

आबांनी पिशवीतून दाखला काढला, पण खिडकीवर स्वतः दिला नाही. माझ्या हातात ठेवला. "तू दे," म्हणाले. मी दिला. कारकुनानं तो टाचणीनं अर्जाला लावला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. एवढंच झालं.

घरी आलो तेव्हा माय भाकरी थापत होती. आबांनी चपला काढता काढता सांगून टाकलं. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मायनं हात हलवला नाही. मग ती म्हणाली, "माले इचारं बी नही."

मला वाटलं ती नोकरीबद्दल बोलतेय. मी समजावू लागले, शाळा वाढतायत, फ्रेंचला पुढे मागणी येईल, मॅडम म्हणाल्या. तिनं मला मधेच तोडलं. "मी नोकरीनं नही म्हनत. तू जाशी. आनि तू जाशी हाई माले कोनी इचारं नही." ती शिकलेली नव्हती, पण माझ्या शिकण्याच्या आड ती कधीही आली नव्हती. मला सतरंजीवरून खुर्चीवर बसवलं गेलं त्या दिवसापासून राहिलेले सगळे फॉल तिनंच एकटीनं पुरे केले होते. आणि आम्ही तिला चौकशीला जातो म्हणून सांगून तिची लेक परगावी देऊन आलो होतो. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आबांशी तेवढंही नाही. आबा यार्डातून येताना तिच्या आवडीचं खमण आणत, ती ते सगळ्यांना वाढे आणि स्वतः खात नसे.

पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण लोक विचारतात. बी.ए. झालं, एम.ए. झालं, बी.एड.ही केलं. त्यानंतरची काही वर्षं मी घरोघर जाऊन हिरेवाल्यांच्या घरच्या मुलींना फ्रेंच शिकवत होते, मरियमबेनसारखीच, फक्त कागद बाळगून. माझ्याबरोबर बारावी झालेल्या मुली तेव्हा पी.टी.सी. करून सरकारी पगार घेत होत्या. मग शहरात मोठ्या इमारतींच्या नव्या शाळा आल्या, त्यांना तिसरी भाषा म्हणून फ्रेंच हवं झालं, आणि फ्रेंचची डिग्री आणि बी.एड. दोन्ही असलेली बाई शोधायला ते निघाले तेव्हा त्यांना फार शोधावं लागलं नाही. माझ्या पहिल्या तासाला मरियमबेन हयात होत्या. मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाल्या, "पगार पहेलां कहे." मी सांगितला. त्यांनी मला जवळ घेऊन सुरतीत एक सणसणीत शिवी हासडली, लाडाची.

पण मला या प्रकरणात जिथे थांबायचंय तो दिवस त्याच्या कितीतरी आधीचा आहे. वसतिगृहात जायच्या दिवशी, आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं, पण माय तयार होऊन दारात उभी राहिली. निळ्या काठाची ठेवणीतली साडी, हातात शेव-लाडूंचा डबा. गाडीत ती खिडकीशी बसली आणि सगळा वेळ बाहेर बघत राहिली. वसतिगृहात माझ्या खोलीत जाऊन तिनं गादी दाबून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. कशालाच नाव ठेवलं नाही. मग म्हणाली, "ती बाई कोठे शे?"

आम्ही तिला घुमटाच्या इमारतीत घेऊन गेलो. जिना चढून तो लांब व्हरांडा तिनं पदर सावरत पार केला. पाटणकर मॅडम उठून उभ्या राहिल्या, नमस्कार केला. माय बसली नाही. टेबलासमोर उभी राहून तिनं मॅडमना नीट बघून घेतलं, जसं ती साडी उजेडात धरून बघते तसं.

"बाई," ती म्हणाली, "हाई झोपमा बोलस. दुसऱ्या पोरी हसतीन."

हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आबांनाही नसावं. ते माझ्याकडे बघू लागले.

"हसू देणार नाही मी," मॅडम म्हणाल्या. मग, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, त्यांना राहवलं नाही. "कुठल्या भाषेत बोलते हो?"

मायनं जरा विचार केला.

"आजलगून मन्ही भाषामा बोले," ती म्हणाली. "आते तुम्हनाकडे शे. तुम्ही आयका."

लाडवांचा डबा तिनं माझ्या हातात दिला, माझ्या गालावरून एकदा हात फिरवला, आणि आबांना म्हणाली, "चाला, गाडी चुकी."